सहा टीएमसी आणि एक शिवार: जत पूर्व भागातल्या एका गावाचा पाण्याचा ताळेबंद

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. शहरात रस्त्यांवरून होड्या फिरत होत्या. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची होडी उलटून माणसे गेली. आणि त्याच दिवसांत, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, जत तालुक्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर चालू होते.

मी जत तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. त्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, तिकडचं जास्तीचं पाणी आपल्याकडं का येत नाही?" मी उंची, उतार, पंप, खर्च हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न टाकला: "आणि आलंच, तर किती लागेल आपल्याला?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. माझ्याकडेच काय, गावात कोणाकडेच नव्हते. पाणी हवे, हे सगळे सांगत होते. किती हवे, कशाला हवे, आपले स्वतःचे किती आहे, हे कोणी मोजले नव्हते.

त्या दोन प्रश्नांपासून सुरू झालेल्या कामाची ही हकीकत आहे. गावाचे नाव देत नाही, कारण वाटपाचे वाद अजून मिटलेले नाहीत. ओळख पटू नये आणि हिशेबही सोपा जावा म्हणून गावाचे आकडे पूर्णांकात आणले आहेत: शिवार २,००० हेक्टर, घरे ६००, माणसे ३,०००.

तालुका आणि त्याचे मागणे

जत हा सांगली जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका. क्षेत्रफळ सुमारे २,२५० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या वर. पूर्व भागात घरात कन्नड आणि शाळेत मराठी अशी रीत आहे. माडग्याळच्या मेंढ्या, गुड्डापूरची दानम्मा, जतची यल्लम्मा यांच्यामुळे तालुका बाहेर ओळखला जातो. ज्यांच्याकडे बोअरला पाणी लागले त्यांनी द्राक्षे, डाळिंब आणि बेदाण्यावर संसार उभे केले. ज्यांच्याकडे लागले नाही ते दसऱ्यानंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडात जातात. माझ्या वर्गातली काही मुले दिवाळीनंतर दिसेनाशी होतात आणि चैत्रात परत येतात. पाण्याचा हिशेब या तालुक्यात हजेरीपटावरही उमटतो.

म्हैसाळ उपसा सिंचन योजना मिरज तालुक्यातल्या म्हैसाळजवळ कृष्णेचे पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्याने पूर्वेला चढवते. ताकारी-म्हैसाळ या जोडयोजनेला मंजुरी १९८४ सालची. पाणी जतच्या पश्चिम भागात पोहोचायला त्यानंतर एक पिढी गेली, आणि पूर्वेकडची ६५ गावे तरीही बाहेर राहिली: ४८ पूर्ण वंचित, १७ अंशतः. २०१२ मध्ये यातल्या अनेक ग्रामपंचायतींनी पाणी देत नसाल तर कर्नाटकात जाऊ असे ठराव केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी, बसवराज बोम्मई यांनी, त्याच ठरावांचा आधार घेऊन जतवर हक्क सांगितला आणि एकाएकी सगळ्या राज्याला जत नकाशावर सापडले. पलीकडे तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी सीमेला येऊन ठेपले होते. आमच्या गावातल्या माणसाला ते डोळ्यांनी दिसत होते. त्यामुळे त्या ठरावांकडे मी कधी फितुरी म्हणून पाहिले नाही. तहानलेल्या माणसाने जवळच्या घागरीकडे बोट दाखवले, एवढेच.

त्यानंतर विस्तारित म्हैसाळ योजना वेगाने पुढे सरकली. ६५ गावांसाठी ६ टीएमसी (म्हणजे ६ अब्ज घनफूट) पाणी, सुमारे २६,५०० हेक्टर क्षेत्र, खर्च दोन हजार कोटींच्या घरात. गावात पेढे वाटले गेले. मारुतीच्या मंडपात बैठक झाली तिथे पहिला विषय निघाला तो उसाच्या बेण्याचा. एक तात्या म्हणाले, "पाणी आलं की ऊस लावायचाच की, बाई. आयुष्यभर दुसऱ्याचा तोडला. आता आपला तोडू." त्या वाक्यामागची कळ मला समजत होती. म्हणून त्यांना तिथल्या तिथे काही उत्तर देण्याऐवजी मी आमच्या वह्या घेऊन पुढच्या बैठकीला यायचे ठरवले. तोवर मुलांची साडेतीन वर्षांची मोजणी जमली होती.

आधी आपला पाऊस

एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरावर पडला की १०,००० लिटर पाणी होते. ही एकच गोष्ट पाठ असली तरी माणूस आपल्या शिवाराचा हिशेब करू शकतो. जतला वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास धरला, तर आमच्या २,००० हेक्टरांवर १,००० कोटी लिटर पडते. ३०० मिलिमीटरच्या वाईट वर्षात ६०० कोटी. हाच हिशेब पूर्ण तालुक्याला लावला तर चांगल्या वर्षी जतवर सुमारे ४० टीएमसी पाणी आभाळातून उतरते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर.

मंडपात हा आकडा सांगितला तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. ज्या सहा टीएमसीसाठी पिढ्या झगडल्या, त्याच्या साडेसहा पट पाणी डोक्यावर पडते? पडते. पण ते हाती लागत नाही. बरेचसे मातीत मुरून पिकातून आणि उघड्या जमिनीतून पुन्हा हवेत जाते, काही ओढ्याने बोर नदीला आणि पुढे भीमेला मिळते. विहिरीपर्यंत पोहोचते ते थोडे.

किती थोडे, हे खडक ठरवतो. आमचे शिवार दख्खनच्या काळ्या दगडावर, म्हणजे बेसॉल्टवर, आहे. वर हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली कुठे मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊ दगड), कुठे घट्ट पाषाण. मांजऱ्यात आणि मुरमात पाणी राहते, पाषाणात फक्त भेगेत. देशात भूजलाचा अंदाज ज्या निकषांनी काढतात त्यात झिजलेल्या बेसॉल्टमध्ये पावसाचे साधारण ७ टक्के पाणी मुरते असे धरतात. भेगाळ, सच्छिद्र थर असेल तर १३ टक्क्यांपर्यंत. आम्ही ७ धरले. म्हणजे चांगल्या वर्षी ७० कोटी लिटर आणि वाईट वर्षी फार तर ४२ कोटी.

निकष पुस्तकातले. ते आमच्या गावाला लागू पडतात का, हे बघायला विहिरी मोजायच्या होत्या, आणि आमची मोठी चूक तिथेच झाली.

पद्धत साधी आहे. पावसाळ्याआधी, ज्येष्ठात, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, पुन्हा मोजायचे. पाणी किती चढले ते कळते. खडकात पाणी धरण्याची जागा फार कमी असते. आमच्यासारख्या दगडात निकषाप्रमाणे दोन टक्के धरतात. म्हणजे २,००० हेक्टरांखाली पाणी एक मीटर चढले तर प्रत्यक्ष साठा ४० कोटी लिटर. मुलांनी टेपला लोखंडी नट बांधला, प्रत्येक विहिरीच्या काठावर ऑइलपेंटने लाल खूण केली आणि पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आधी, मोजायला सुरुवात केली. (मोटार चालू असताना घेतलेली पातळी कवडीमोल असते. पहिले दोन दिवस ते लक्षात आले नव्हते, ती पाने फाडून टाकावी लागली.)

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर हिशेब केला तर पाणी सरासरी साडेचार मीटर चढलेले. गुणाकार केला: १८० कोटी लिटर. निकषाच्या अडीचपट! मुले हरखली. मीही हरखले. आपले गाव निसर्गाने दिलेला अपवाद आहे असे मला काही दिवस खरेच वाटत होते. ग्रामपंचायतीला तसे पत्रही लिहून झाले होते.

ते पत्र अडवले एका मेंढपाळ मामांनी. त्यांची मेंढरे वर्षभर माळावर असतात, शिवाराचा कोपरान् कोपरा पायाखालचा. त्यांनी आमचा नकाशा पाहिला आणि विचारले, "सगळ्या हिरी वड्याकाठच्याच कशा काय मोजल्या तुम्ही?" खरे होते. मुलांनी सोयीच्या विहिरी निवडल्या होत्या, जिथे पाणी दिसते, जिथे बैलगाडीची वाट आहे. आणि पाणी दिसते तिथे, म्हणजे ओढ्याच्या काठाने, पाझर तलावाच्या खाली. माळावरच्या विहिरी कोरड्याच असतात, त्या काय मोजायच्या, असा आम्ही न बोलता निर्णय घेतला होता. शिवाराचा निम्म्याहून जास्त भाग माळ आहे.

दुसऱ्या वर्षी माळावरच्या विहिरी जोडल्या. त्यांतल्या काहींत पाणी हातभर चढले, काहींत दिवाळीलाही तळ दिसत होता. सरासरी पावणेदोन मीटरच्या आसपास आली, म्हणजे ७० कोटी. पुस्तकातला निकष बरोबर निघाला आणि आमचा आनंद चूक निघाला. पहिल्या वर्षीचा आकडा तसाच पुढे गेला असता तर त्याच्या भरवशावर गावाने आणखी बोअर पाडले असते. पाण्याच्या अभ्यासात कोरडी विहीर ही पाण्याच्या विहिरीइतकीच साक्षीदार असते. माझ्या वर्गात आता हे मी पहिल्याच तासाला सांगते.

उपसा आणि तहान

जमेची बाजू कळली, आता खर्चाची. शिवारात डाळिंब आणि द्राक्षे मिळून १२० हेक्टर. ठिबकवर हेक्टरी वर्षाला ६,००० घनमीटर (एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर) धरले तर ७२ कोटी लिटर. म्हणजे चांगल्या वर्षीसुद्धा खाते काठोकाठ. वाईट वर्षी ३० कोटींची तूट, म्हणजे शिवाराखालची पातळी सरासरी पाऊण मीटर खाली. लागोपाठ दोन-तीन वाईट वर्षे आली की मुरमाचा थर रिकामा होतो आणि मग पाचशे-सातशे फुटांच्या बोअरची शर्यत सुरू होते. खोल दगडातल्या भेगांतले ते पाणी एका पावसाळ्यात भरून निघत नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंधाची तरतूद आहे. आमच्या शिवारात रात्री बोअरगाडीचा आवाज येतो तेव्हा तो कायदा कोणाला आठवत नाही, आणि कर्ज काढून बाग जगवू पाहणाऱ्या माणसाला तो आठवावा अशी अपेक्षा करणेही मला जड जाते.

मग पिण्याचे पाणी. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटर. ३,००० माणसांना वर्षाला ६ कोटी लिटर. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा मंडपात शांतता झाली. वर्षाला ७० कोटी मुरते, ७२ कोटी बागांना जाते आणि ६ कोटींसाठी टँकर येतो?

कारण असे, की गावाची पिण्याची विहीर आणि बागांचे बोअर एकाच दगडातून पाणी ओढतात. फाल्गुनापर्यंत विहीर तग धरते. चैत्रात डाळिंबाची झाडे जगवायला मोटारी जास्त तास चालतात आणि विहिरीचा तळ उघडा पडतो. पूर्ण जत तालुक्याला आजच्या लोकसंख्येत या निकषाने लागणारे पाणी जेमतेम पाव टीएमसी आहे. पिण्याची टंचाई दोन-तीन महिन्यांची आणि एका विहिरीच्या परिसराची आहे. सार्वजनिक पिण्याच्या स्रोताजवळ ५०० मीटरांत नवी विहीर घेऊ नये हा नियम १९९३ च्या कायद्यापासून आहे. आम्ही दोरी टाकून मोजले. आत सात बोअर निघाले, त्यातला एक आमच्याच एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा. तो मुलगा त्या दिवशी वही मिटून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानेच तो बोअर नकाशावर लाल ठिपक्याने दाखवला.

सहा टीएमसीचे एका गावापुरते काय होते

६ टीएमसी म्हणजे सुमारे १६,९९० कोटी लिटर. २६,५०० हेक्टरांना वाटले तर हेक्टरी ६,४०० घनमीटर. वाटेतली गळती, बाष्पीभवन, शेतापर्यंतची तूट मिळून २० टक्के वजा केले (बंद पाइपने वितरण झाले तरच एवढ्यावर भागेल), तर शेतात ५,१०० घनमीटर पडते. ५०० मिलिमीटरच्या वर थोडे. म्हणजे योजना लाभक्षेत्राला दुसरा एक पावसाळा देते, आपल्या वेळेला देता येईल असा. ही लहान गोष्ट नाही. पण हा एकच पावसाळा आहे.

उसाला हेक्टरी निदान २०,००० घनमीटर लागते. सगळ्या ६५ गावांनी ऊस लावायचा म्हटला तर सहा टीएमसीत ६,८०० हेक्टर भिजेल, २६,५०० पैकी. तीन चतुर्थांश लाभक्षेत्र कागदावर ओले आणि जमिनीवर कोरडे. कालव्याच्या तोंडाशी ऊस आणि शेपटाला टँकर, हे चित्र आपल्या राज्यात नवे नाही. एक हेक्टर उसाचे पाणी म्हणजे २ कोटी लिटर, ५५ लिटरच्या निकषाने एक हजार माणसांचे वर्षभराचे. मंडपात उसाविषयी मी एवढेच बोलले. तात्यांना ऊस लावू नका म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्या उसापायी शेपटाचा कोण कोरडा राहणार, तेवढे मात्र मोजून दाखवता येते.

आता आमचे गाव. ६५ गावांत २६,५०० हेक्टर म्हणजे गावामागे सरासरी ४०८ हेक्टर. तेवढाच वाटा धरला तर वर्षाला सुमारे २०८ कोटी लिटर. यातून आधी काय बाजूला काढायचे, यावर दोन बैठका गेल्या.

आम्ही २०५० साल डोळ्यासमोर ठेवले. लोकसंख्या ४,५०० आणि वापर माणशी १०० लिटर, म्हणजे १६ कोटींच्या वर. जनावरांना आणि मेंढरांना ४ कोटी. पहिले २० कोटी या दोघांचे, राखीव, कुठल्याही वर्षी हात न लावण्याचे. बागांचे ७२ कोटी योजनेवर घ्यायचे. ही सूचना बागायतदारांना पटली नाही. बोअर फुकट, योजनेला पाणीपट्टी, मग बोअर का सोडायचा? मग विजेचा हिशेब काढला. एक घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरून साधारण ०.४ युनिट लागते. सातशे फुटांवरून, म्हणजे दोनशेहून जास्त मीटरांवरून पाणी ओढणारा बागायतदार रोज हा खर्च स्वतः किंवा सवलतीतून भरतोच. शिवाय दर चार-पाच वर्षांनी नवा बोअर, जळालेली मोटार. उपसा योजनांच्या वीजबिलात ८१ टक्के भार शासन आणि १९ टक्के शेतकरी अशी विभागणी ठरलेली आहे. पण शासनाचा वाटाही आकाशातून पडत नाही. सहा टीएमसी दर १०० मीटर उचलायला वर्षाला साडेसहा कोटी युनिटांच्या पुढे वीज लागणार आहे. तो भार पुढच्या तीस वर्षांत कायम कोणी उचलेल का, हा प्रश्न बैठकीत एका तरुण बागायतदाराने स्वतःच विचारला. म्हणून त्याचाच प्रस्ताव पुढे ठेवला: योजनेचे पाणी असेल तेव्हा बोअर बंद, आणि त्या काळात साठलेले भूजल ही दुष्काळी वर्षाची शिल्लक. योजना बंद पडली, नदीतच पाणी नसले, वीज तोडली गेली, तर बागा आणि विहीर त्या शिल्लकेवर एक वर्ष निघावी.

राखीव २० आणि बागांचे ७२ गेल्यावर ११६ कोटी उरतात. यावर खरी वादावादी झाली. या पाण्यात ५८ हेक्टर ऊस होतो. किंवा ज्वारी, हरभरा, करडई यांना दोन संरक्षित पाणी, म्हणजे पाऊस नसताना पीक वाचवण्यापुरत्या दोन पाळ्या, प्रत्येकी ७५ मिलिमीटरच्या, दिल्या तर पावणेआठशे हेक्टर भिजते. आमच्याकडे रब्बीची ज्वारी जाते ती पोटरीत असताना पाणी न मिळाल्याने. त्या एका पाण्यासाठी शेतकरी चार महिने आभाळाकडे बघतो. जनावरांचा कडबाही त्याच पाण्यावर अवलंबून. मेंढपाळ मामा एकच बोलले, "ज्वारी आली की मेंढरालाबी रान मिळतं. उसात मेंढरू शिरत नाही."

तळी कधी भरायची

हा भाग मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवून गेला, म्हणून जरा थांबून लिहिते.

कृष्णेला जास्तीचे पाणी असते ते आषाढ-श्रावणात, जुलै-ऑगस्टला. महापुराचे पाणी दुष्काळी भागात वळवा ही मागणी त्याच महिन्यांची. साहजिकच सगळ्यांचे म्हणणे होते की त्या दिवसांत पंप चालवून गावातली तळी काठोकाठ भरून घ्यावीत. पण जतचा भरवशाचा पाऊस तेव्हा नसतो. आमचा पाऊस परतीचा: उत्तरा, हस्त, कधी चित्रा. ऑगस्टमध्ये तळी भरली आणि सप्टेंबरअखेर हस्त बरसला, तर स्वतःच्या आभाळाचे फुकटचे पाणी सांडव्यावरून बोर नदीला जाईल आणि वीज जाळून आणलेले पाणी तळ्यात राहील. उलट, हस्ताची वाट बघत तळी रिकामी ठेवली आणि हस्त कोरडा गेला, तर पूर निघून गेलेला असेल. मग ऑक्टोबरनंतर मिळणारे प्रत्येक पाणी धरणाच्या साठ्यातले, मोजून मिळणारे.

मुलांनी यावर काढलेला तोडगा मला आवडला. माथ्याकडच्या दोन तळ्यांना स्वतःचे पाणलोट लहान आहे, ती पावसाने सहसा भरत नाहीत. ती ऑगस्टमध्ये योजनेच्या पाण्याने भरायची. त्यांचा पाझर माळाखालच्या विहिरींना उतरतो, म्हणजे ज्या विहिरी आम्ही पहिल्या वर्षी मोजल्याच नव्हत्या त्यांनाच. ओढ्यावरचा मोठा पाझर तलाव हस्त संपेपर्यंत निम्मा रिकामा ठेवायचा. त्यानंतर जेवढी जागा उरेल तेवढीच मागणी नोंदवायची.

बाष्पीभवनही यातच येते. आमच्याकडे उघड्या पाण्यातून वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाणी उडते. १० हेक्टर पसाऱ्याच्या तलावातून ऑक्टोबर ते मे दीड मीटर गेले, आणि पसारा आटत जातो म्हणून त्याचे निम्मे धरले, तरी ७-८ कोटी लिटर होते. गावाच्या आजच्या पिण्याच्या पाण्याहून जास्त. म्हणून पाणी तलावात बघत बसण्यापेक्षा ते लवकर रानात आणि जमिनीखाली गेलेले बरे. उथळ तलावातला गाळ काढून तो खोल करणे आणि पसारा कमी करणे हे काम योजनेची वाट न बघता करता येते. ते मागच्या दोन उन्हाळ्यांत थोडे झालेही.

काय ठरले, काय अडले

ग्रामसभेने तीन गोष्टी मान्य केल्या. २० कोटींचे राखीव पाणी. पिण्याच्या विहिरीभोवतीच्या सात बोअरना चैत्र-वैशाखात मोटार बंद, आणि त्या बागांना त्या दोन महिन्यांत गावाच्या खर्चाने शेततळ्यातून पाणी. आणि वर्षातून दोनदा विहिरींची मोजणी, माळावरच्यांसह. आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायचे. दुसरी गोष्ट पहिल्या उन्हाळ्यात पाच बोअरवाल्यांनी पाळली, दोघांनी नाही. टँकर आला, पण नेहमीपेक्षा उशिरा आला.

उसावर ठराव झाला नाही. तो होईल असे मला वाटतही नव्हते. पाणीवापर संस्था काढून मोजून पाणी घ्यायचे, एवढ्यावर मात्र एकमत झाले. २००५ च्या कायद्याने संस्थेला घनमापन पद्धतीने पाणी घेता येते आणि कोटा ठरला की पीक शेतकऱ्याने निवडायचे. कोटा ठरला तर ऊस लावणारा दुसऱ्याच्या वाट्याला हात लावू शकणार नाही, हे तात्यांनीही मानले. "मग माझ्या वाट्यात बसंल तेवढाच लावीन," म्हणाले. चार गुंठे बसेल बहुतेक.

दोन गोष्टी अडल्या आहेत. पहिली लाभक्षेत्राची. योजनेचे पाणी नकाशावर आखलेल्या ४०८ हेक्टरांसाठी, आणि आमचा हिशेब सांगतो की तेच पाणी दोन संरक्षित पाळ्यांच्या रूपात त्याच्या जवळजवळ दुप्पट रानाला पुरते. पण आखणीबाहेरच्या रानाला पाणी द्यायचे तर नियमाची वाट शोधावी लागेल. तसा अर्ज केला आहे.

दुसरी भूमिहीनांची. ६०० घरांपैकी बऱ्याच घरांना जमीन नाही, किंवा माळाची अशी एकरभर आहे जी कुठल्याच लाभक्षेत्रात येणार नाही. कोयत्यावर जाणारी घरे बहुतेक हीच. त्यांच्या वाट्याला योजनेतून नळाचे पाणी सोडून काही येत नाही. सांगली जिल्ह्याला याचे उत्तर अपरिचित नाही. येरळा नदीवर बळवडी-तांदूळवाडीजवळ लोकांनी उभारलेल्या बळीराजा धरणात पाण्यावर जमिनीप्रमाणे नव्हे तर माणसाप्रमाणे हक्क मानला गेला आणि भूमिहीनांनाही वाटा दिला गेला. आटपाडीच्या समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळीने हीच मागणी टेंभू उपसा योजनेच्या पाण्यासाठी लावून धरली. आमच्या ११६ कोटींचे ६०० सारखे वाटे केले तर घरामागे १,९०० घनमीटर येते. भूमिहीन घराने ते पाणी एखाद्या शेतकऱ्याच्या रानात लावून निम्म्या वाट्याने ज्वारी-कडबा घ्यावा, असा प्रस्ताव मी मांडला. एका बाजूने आरडाओरडा झाला, दुसऱ्या बाजूला बसलेल्या बायका मात्र पहिल्यांदाच बोलल्या. त्यातली एक दर वर्षी दोन लेकरांना घेऊन फडावर जाते. तिने विचारले, "१,९०० घनमीटरात किती पोती ज्वारी होती?" आम्ही तिथेच गणित मांडले. दोन पाळ्यांचे हेक्टरी १,५०० घनमीटर, म्हणजे सव्वा हेक्टराचे पाणी. तीन एकर. निम्म्या वाट्याने दीड एकराची ज्वारी आणि कडबा. तिने बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाली, "मग एका माणसाला कोयत्यावर जायची गरज न्हाई."

प्रस्ताव पुढच्या ग्रामसभेवर ठेवला आहे. ती ग्रामसभा दिवाळीआधी घ्यावी, असे मी सरपंचांना लिहून दिले आहे, कारण दिवाळीनंतर घेतली तर ज्यांच्यासाठी हा विषय आहे ती घरे गावात नसतील.